कृत्रिम पेशी जोडून ऊती: आपल्या इकडच्या लॅबमध्ये कुठवर जमेल?

गिरणाथडी
जळगाव-रावेर पट्ट्यात 'टिश्यू कल्चर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जी-नाईन केळीची रोपं येतात, म्हणून आधीच सांगतो. इथे जिवंत पेशी वाढवायच्या नाहीत. लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या, आवरणात पाणी, प्रथिनं, हवं तर डीएनए भरून केलेल्या कृत्रिम पेशी, आणि त्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यात देवाणघेवाण सुरू करून केलेली ऊती, हा विषय आहे.

एम.फार्म.च्या दोन विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचं काम आखायचं आहे. सध्याचा आराखडा असा: थेंबांची जाळी करायची, काही थेंबांत इन्सुलिन, पडद्यात अल्फा-हिमोलायसिन या जिवाणूच्या प्रथिनाची छिद्रं, बाहेर साखर वाढली की इन्सुलिन सुटेल असा पॅच. हाताशी स्टिरिओ मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, व्हॅक्यूम पंप, ध्वनिलहरींनी ढवळणारा बाथ सोनिकेटर आणि ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू आहे. पडद्यातून वाहणारी वीज मोजणारा पॅच-क्लॅम्प, चमकणारे रंग दाखवणारा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप, परासरण दाब (द्रावणाचा पाणी ओढून घेण्याचा जोर) मोजणारा ऑस्मोमीटर यातलं काही नाही. सुरुवात कुठून करावी आणि काम कुठे फसेल ते सांगा.

तापीकाठ
भाऊ, सुरुवात तेलातल्या थेंबांनीच करा. पेशी बनवणं त्यात सर्वांत सोपं आहे आणि जोडणी डोळ्यांना दिसते. ऑक्सफर्डच्या हेगन बेली यांच्या गटाने २०१३ मध्ये याच तत्त्वावर ऊतीसारखा पदार्थ छापून दाखवला. साधारण ५० मायक्रोमीटरचे, म्हणजे ६५ पिकोलिटरचे हजारो थेंब तेलात एकावर एक रचले. शेजारच्या थेंबांत क्षाराचं प्रमाण वेगळं ठेवलं, तर पाणी इकडून तिकडे सरकून सपाट जाळी आपोआप वळत जाऊन पोकळ गोळा होतो. ठरावीक रांगेतल्या थेंबांतच छिद्रं घातली, की वीज त्याच रांगेतून मज्जातंतूसारखी वाहते.

तुमच्याकडे प्रिंटर नाही. हरकत नाही, २०० नॅनोलिटरचे थेंब हाताने लावा. ०.२ ते २ मायक्रोलिटरचं पिपेट पुरतं. थेंबाचा व्यास सुमारे ०.७ मिलिमीटर येतो, स्टिरिओखाली आरामात दिसतो.

लिपिड डायफायटॅनॉइल फॉस्फोकोलीन घ्या, डीपीएचपीसी म्हणतात ते. त्याच्या शेपटांत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे हवेने ते खराब होत नाही. १ मिली तेलात ५ मिलिमोलरसाठी ४.२ मिलिग्रॅम लागतं. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड काचेच्या कुपीत काचेच्याच सिरिंजने घ्या. प्लास्टिकच्या टिपमधून क्लोरोफॉर्म गेला की प्लास्टिकचे अंश सोबत येतात आणि पडदा गळका होतो. नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली कुपी फिरवत सुकवा, भिंतीवर पातळ थर दिसेल. मग किमान दोन तास, जमलं तर रात्रभर व्हॅक्यूम. त्यावर हेक्झाडेकेन घालून १५ ते २० मिनिटं सोनिकेट करा. तेल पारदर्शक व्हायला हवं. धूसर राहिलं तर आत पाणी शिरलंय, ते टाकून द्या.

आता भांडं. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरून चिकटतो, म्हणून काच नको. अॅक्रिलिकच्या तुकड्यात अर्धगोल खळगे पाडून घ्या, अंदाजे १ मिलिमीटरचे, दोन-दोन शेजारी. साइनबोर्डवाल्याकडच्या सीएनसीवर होऊन जातात. धुताना साबण अजिबात नको, साबणाचा अंश राहिला की पडदा बनतच नाही. इथेनॉल, मग डिस्टिल्ड वॉटर, मग सुकवणं, एवढंच.

खळग्यांत तेल भरा, दोन थेंब सोडा, पण लगेच एकमेकांना लावू नका. प्रत्येक थेंबाभोवती लिपिडचा एकेरी थर बसायला १५ ते ३० मिनिटं द्या. घाई केली की दोन थेंबांचा एक मोठा थेंब होतो. बहुतेकांचा पहिला आठवडा यातच जातो. नंतर टूथपिकला चिकटवलेल्या केसाने हळूच सरकवून भिडवा. काही सेकंदांत मधली तेलाची फट जाऊन सरळ चपटी रेघ दिसते. एक थेंब ढकलला की दुसरा मागोमाग येतो. तो तुमचा दुहेरी पडदा, जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर.

पारोळा_फार्मसी
काय भो, हेक्झाडेकेन बाटलीत मेणासारखं घट्ट का झालं? माल खराब आला का?

तापीकाठ
माल चांगला आहे. हेक्झाडेकेन १८ अंशांना गोठतं. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि एसी १६ वर ठेवला तरी तेच होणार. बाटली कोमट पाण्यात धरा, पूर्ण पातळ झाल्यावर हलवा, मगच वापरा. अर्धवट वितळलेल्यातून घेतलं तर लिपिडचं प्रमाण चुकतं. काही जण निम्मं सिलिकॉन ऑइल मिसळतात, त्याने थेंब जास्त घट्ट चिकटतात. मात्र लिपिड आधी हेक्झाडेकेनमध्येच विरघळवायचं, नुसत्या सिलिकॉन ऑइलमध्ये ते विरघळत नाही.

अनेरकाठ
थेंब जमतील, पण मूळ आराखड्यातच मोठी अडचण आहे आणि ती आत्ताच बोललेली बरी. गिरणाथडी सर, अल्फा-हिमोलायसिनच्या छिद्रातून इन्सुलिन बाहेर येणार नाही.

सात घटक मिळून हे छिद्र होतं आणि त्याची सर्वांत अरुंद जागा सुमारे १.४ नॅनोमीटर असते. साधारण २,००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू त्यातून जातात. ग्लुकोज १८०, ते सहज जाईल. इन्सुलिन ५,८०८ डाल्टनचं, गुंडाळलेलं, शिवाय जस्त असलं की सहा-सहाचा गठ्ठा करून बसतं. ते आतच राहणार. उलट पेशीचं इंधन असलेलं एटीपी ५०७ डाल्टनचं आहे, म्हणजे जे आत ठेवायचं तेच बाहेर पळणार.

छिद्र हे नुसतं भोक आहे, साखर पाहून उघडणारं दार नव्हे. २०१८ मध्ये झेन गू यांच्या गटाने कृत्रिम बीटा पेशी (स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींची नक्कल) केल्या तेव्हा वेगळा मार्ग घेतला. मोठ्या पिशवीत इन्सुलिन भरलेल्या छोट्या पिशव्या. आत ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज ही एन्झाइमं. साखर शिरली की ग्लुकोनिक आम्ल होऊन पीएच उतरतो, त्यावर छोट्या पिशव्या मोठीच्या पडद्यात विलीन होतात आणि इन्सुलिन बाहेर पडतं. खरी बीटा पेशीही असंच विलीनीकरण करून इन्सुलिन सोडते. सहा महिन्यांत दोन विद्यार्थ्यांनी हे उभं करावं अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

गिरणाथडी
अनेरकाठ ताई, हे वेळेवर सांगितलंत. इन्सुलिन काढतो. मग लक्ष्य लहान करू: एका थेंबातलं ग्लुकोज छिद्रातून शेजारच्या थेंबात जातं आणि तिथे रंग येतो, एवढंच दाखवायचं. कॅल्शियम आणि त्याला धरून चमकणारा रंग फ्लुओ-४ यांचा प्रयोग वाचला होता, पण फ्लुरोसन्स नाही. पॅथॉलॉजीतलं रक्तातली साखर मोजायचं जीओडी-पीओडी किट थेट दुसऱ्या थेंबात भरलं तर चालेल का? गुलाबी रंग स्टिरिओखाली दिसेल.

अनेरकाठ
कल्पना बरोबर, किट नको. त्यात फिनॉल असतं, ते तेलात आणि पडद्यात शिरतं. बऱ्याच किटमध्ये साबणासारखा सर्फॅक्टंटही असतो, त्याने पडदा फुटेल आणि तुम्हाला वाटेल छिद्रातूनच साखर गेली. शुद्ध ग्लुकोज ऑक्सिडेज, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं आणि रंग देणारं एबीटीएस वेगवेगळे घ्या. रंग हिरवा येतो. दोन्ही एन्झाइम छिद्रापेक्षा फार मोठे, ते पलीकडे जात नाहीत. एबीटीएस मात्र लहान आहे, रंग हळूहळू पहिल्या थेंबातही उतरेल. त्यामुळे दोन्ही थेंबांत ते सारखंच घाला आणि हिरवा आधी कुठे येतो ते वेळ लावून पाहा.

किती वेळ लागेल याचा ढोबळ हिशोब: दिसण्याइतक्या रंगाला २०० नॅनोलिटरच्या थेंबात सुमारे ४० मायक्रोमोलर लागेल, म्हणजे ८ पिकोमोल. पलीकडे १०० मिलिमोलर ग्लुकोज असेल तर एका छिद्रातून जास्तीत जास्त दहा-एक अॅटोमोल दर सेकंदाला जातात. एक अॅटोमोल म्हणजे पिकोमोलचा दहा लाखावा भाग. पडद्यात हजार छिद्रं असतील तर पाऊण तासाच्या आत रंग दिसायला हवा. दहाच असतील तर दिवस उलटेल आणि तोवर थेंब सुकतील. म्हणून रंग आला नाही तर आधी छिद्रांची संख्या तपासा. प्रथिन पातळ करताना हात राखून करा, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून सुरू करा. हे जंतूचं विष आहे, मास्क-हातमोजे घालून काम करा, आणि एकदा विरघळवलेलं छोट्या छोट्या भागांत गोठवून ठेवा. वारंवार वितळवलं की छिद्रं बनणं कमी होतं.

सातपुडा_पायथा
तेलातल्या थेंबांची एक मर्यादा मान्य करू. शरीरात तेल नाही. २०११ मध्ये बेलींच्याच गटाने थेंबांची जाळी तेलाच्या एका बारीक थेंबात बंद करून पाण्यात टिकवून दाखवली, तो एक मार्ग. दुसरा म्हणजे मोठ्या लिपिड पिशव्या पाण्यातच करून जोडणं. दुसऱ्या विद्यार्थ्याला हे द्या. यात ऑस्मोमीटर नसल्याचा फटका बसतो, तोच आधी सविस्तर सांगतो.

कृती अशी. पीओपीसी लिपिड ०.३ मिलिग्रॅम, क्लोरोफॉर्म उडवून, १ मिली लिक्विड पॅराफिनमध्ये, ५० ते ६० अंशांवर सोनिकेट करून. १.५ मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला ५०० मायक्रोलिटर ग्लुकोजचं द्रावण, त्यावर २५० मायक्रोलिटर लिपिडचं तेल. अर्धा ते एक तास तसंच ठेवा. दुसऱ्या ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटर सुक्रोजचं द्रावण आणि ३०० मायक्रोलिटर लिपिडचं तेल घेऊन ट्यूब रॅकवर खरखर ओढा, दुधासारखं होईपर्यंत. ते हळूच वर ओता, ३,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) वर १५ मिनिटं फिरवा. सुक्रोज जड, त्यामुळे थेंब खाली येताना दुसरा थर अंगावर घेतात आणि पिशव्या होऊन तळाशी बसतात. तेल वरून पूर्ण काढा, मग पिशव्या घ्या. टिप तेलातून नेली की तेल खाली येतं, त्यासाठी टिप आत नेताना हवा सोडत राहा.

आत ३०० मिलिमोलर सुक्रोज म्हणजे १० मिलीला १.०३ ग्रॅम. बाहेर ३०० मिलिमोलर ग्लुकोज म्हणजे १० मिलीला ०.५४ ग्रॅम. हे ०.५४ निर्जल ग्लुकोजचं आहे. फार्मसीच्या कपाटात बहुधा डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट असतं. त्याचा रेणू १८० ऐवजी १९८ चा, सोबत पाण्याचा एक रेणू. तेच ०.५४ ग्रॅम मोनोहायड्रेट घेतलं तर बाहेर ३०० च्या जागी २७३ येतात.

सत्तावीसचा फरक किरकोळ वाटतो, पण लिपिडचा पडदा ताणला तर क्षेत्रफळात ३ ते ५ टक्केच वाढतो. ४ टक्के धरले तर घनफळ ६ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे आत ३०० असलेली तट्ट फुगलेली पिशवी बाहेर २८३ पर्यंत कशीबशी तग धरेल. २७३ ला घनफळ १० टक्क्यांनी वाढायला बघेल आणि पिशवी फुटेल. मायक्रोस्कोपखाली पिशव्याच दिसणार नाहीत आणि विद्यार्थी लिपिडला दोष देत बसेल. बाटलीवरचं सूत्र वाचा. मोनोहायड्रेट असेल तर १० मिलीला ०.५९ ग्रॅम घ्या.

बोअरचं पाणी, आरओचं पाणी, बॅटरीचं पाणी यातलं काहीही चालणार नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, आणि ऋणभारित लिपिड घातलं असेल तर कॅल्शियम पिशव्यांचा गठ्ठा करून टाकतं.

पारोळा_फार्मसी
आणि चिकटवायच्या कशाने?

सातपुडा_पायथा
सर्वांत सोपं बायोटिन-स्ट्रेप्टाविडिन, म्हणजे एक जीवनसत्त्व आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन. लिपिडमध्ये १ टक्का बायोटिन जोडलेलं लिपिड घाला. स्ट्रेप्टाविडिनला चार हात असतात, दोन या पिशवीला, दोन त्या पिशवीला. इथे जास्त घालायचा मोह होतो. जास्त घातलं की प्रत्येक बायोटिनला स्वतंत्र स्ट्रेप्टाविडिन मिळतं, सगळी टोकं भरून जातात आणि जोडायला कोणी उरत नाही. एकूण लिपिड १०० मायक्रोमोलर असेल तर बायोटिन १ मायक्रोमोलर, त्यातलं बाहेरच्या अंगाला निम्मं. त्यासाठी स्ट्रेप्टाविडिन ०.०५ ते ०.१ मायक्रोमोलर ठेवा. बायोटिनचं प्रमाणही वाढवू नका. पकड फार झाली की पिशव्या एकमेकींवर सपाट होतात, ताणतात, फुटतात.

ब्रिस्टलच्या गटाने २०१८ मध्ये लिपिडऐवजी प्रथिन आणि पॉलिमरच्या भिंतींच्या पेशी रासायनिक बंधांनी पक्क्या जोडल्या. तो पॉलिमर ३२-३३ अंशांच्या वर आकसतो आणि गार केला की फुगतो, त्यामुळे ती ऊती तापमानानुसार आखडते-पसरते. बळकटी हवी असेल तर लिपिडपेक्षा हा मार्ग चांगला, असं माझं मत.

भुसावळ_जंक्शन
तापमानाचं निघालं म्हणून. पिशव्यांसाठी कोणी डीपीपीसी हे लिपिड सुचवलं तर मे महिन्यात जरा थांबा. त्याचं वितळण्याचं तापमान ४१ अंश आहे. नेमकं त्या टप्प्यावर पडदा सर्वांत जास्त गळतो, आणि आपल्याकडे दुपारी लाईट गेली की बंद खोलीत तेवढं तापमान सहज होतं. पीओपीसी उणे २ ला वितळतं, डीपीएचपीसीला या पूर्ण पल्ल्यात तसा टप्पाच नाही. म्हणून खान्देशच्या उन्हाळ्यात हीच दोन बरी. पीओपीसीत दुहेरी बंध आहे आणि त्याची पूड हवेतलं पाणी खेचते. ते क्लोरोफॉर्ममध्येच मागवा, उणे २० वर नायट्रोजन भरून ठेवा. पावसाळ्यात बाटली फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण फिरवा, नाहीतर आत दव धरतं आणि तापीकाठ म्हणतात तो धूसरपणा तिथूनच येतो.

पेशीरहित प्रथिननिर्मितीचं मिश्रण (जिवंत पेशीशिवाय प्रथिन करणारं) वापरणार असाल तर ते उणे ८० ला हवं. मुंबईपासून जळगाव चारशे किलोमीटरच्या वर आहे. शुक्रवारी पाठवलेला डबा सोमवारपर्यंत गोदामात पडून राहतो आणि ड्राय आइस उडून जातो. सोमवारी पाठवायला सांगा.

गिरणाथडी
पेशीरहित मिश्रण या प्रकल्पात घ्यावं का? पेशीने स्वतःच छिद्राचं प्रथिन तयार केलं तर काम देखणं होईल.

अनेरकाठ
देखणं होईल, पण हाताशी असलेल्या साधनांत नको. विन्सेंट नोआरो आणि अल्बर्ट लिबशाबर यांनी २००४ मध्ये हेच केलं. पिशवीत जिवाणूचा अर्क भरला, त्याने अल्फा-हिमोलायसिन तयार केलं, छिद्रातून बाहेरचं खाद्य आत येऊ लागलं आणि काही तासांत थांबणारी निर्मिती चार दिवस चालली. पण या मिश्रणात पोटॅशियम ग्लुटामेट, मॅग्नेशियम, अमिनो आम्लं, ऊर्जेचा साठा असं सगळं असतं, त्यामुळे परासरण दाब रक्तापेक्षा बराच वर जातो. बाहेरचं द्रावण त्याच्याशी जुळवायला ऑस्मोमीटर लागतोच. अंदाजाने जुळत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा मोठ्या पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तो असू शकतो, नमुने आधी तिथे मोजून घ्या आणि मगच पुढे जा.

धडगाव_वाट
आमच्या नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात सिकलसेलची घरं पुष्कळ. अशा कृत्रिम पेशींनी रक्ताची पिशवी बदलता येईल का, हे लोक विचारतात. खरं उत्तर काय द्यायचं?

अनेरकाठ
दादा, खरं उत्तर: आज नाही. प्रयत्न जुना आहे, मॅकगिल विद्यापीठात थॉमस चांग यांनी १९५७ मध्ये हिमोग्लोबिन भरलेल्या कृत्रिम पेशी केल्या होत्या. अडचणी ठोस आहेत. हिमोग्लोबिन पिशवीतून गळलं तर ते रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड शोषतं, रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडावर भार येतो. खऱ्या लाल पेशीत हिमोग्लोबिन गंजू न देणारी एन्झाइमं असतात, कृत्रिम पेशीत ती वेगळी घालावी लागतात. आणि प्रमाण बघा: रक्ताच्या एका पिशवीत ५० ग्रॅमहून जास्त हिमोग्लोबिन असतं. इथे आपण नॅनोलिटरवर बोलतोय. लोकांना सांगा की तपासणी करून घ्या, सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर खंड पडू देऊ नका. त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे.

धडगाव_वाट
बठ्ठं समजनं ताई. हेच सांगतो.

औषधनिर्माता_धुळे
'वैद्यकीय उपयोग' हा शब्द प्रबंधाच्या नावात घालणार असाल तर तीन गोष्टी लिहाव्या लागतील.

पहिली, निर्जंतुकीकरण. तयार ऊती ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, आणि १० ते ५० मायक्रोमीटरच्या पिशव्या ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून जाणार नाहीत. प्रत्येक द्रावण आधी गाळून लॅमिनारमध्येच (गाळलेल्या हवेच्या कपाटात) जोडणी करावी लागते. दुसरी, एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या भिंतीतलं ताप आणणारं विष. ई. कोलायमधून काढलेल्या कुठल्याही प्रथिनासोबत ते येतं आणि १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हने जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजावी लागतात, प्रथिनाची एन्डोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी करावी लागते. तिसरी, अल्फा-हिमोलायसिन तांबड्या पेशी फोडतं, त्याच्या नावातच ते आहे. ते थेंबाबाहेर सुटलं तर काय, याचं उत्तर द्यावं लागेल.

जाडीही पाहा. आपल्या शरीरात बहुतेक पेशी केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असतात, कारण ऑक्सिजन त्यापलीकडे पुरत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेजला ऑक्सिजन लागतो. थेंबांभोवतीचं तेल तो पुरवतं, कातडीखाली तेवढा मिळणार नाही. म्हणून तुमच्या थेंबात जे जमेल ते शरीरात जमेल असं लिहू नका. विकत घेतलेलं प्रथिन वापराल तर ठीक, पण त्याचा जनुक लॅबमध्ये क्लोन करणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी.

गिरणाथडी
सगळ्यांचं ऐकून आराखडा बदलला. नाव: 'लिपिड थेंबांच्या जाळीत ग्लुकोजचं वहन'. वैद्यकीय शब्द काढला.

थेंब अ, १० मिलीचा साठा: पोटॅशियम क्लोराईड ७४.६ मिलिग्रॅम, निर्जल ग्लुकोज १८० मिलिग्रॅम, एबीटीएस ११ मिलिग्रॅम, पीएच स्थिर ठेवणारं हेपेस २३.८ मिलिग्रॅम, पीएच ७.४. थेंब ब मध्ये ग्लुकोजऐवजी मॅनिटॉल १८२ मिलिग्रॅम, बाकी तेच, अधिक दोन्ही एन्झाइमं. दोन्हीकडे १०० मिलिमोलर क्षार आणि १०० मिलिमोलर ग्लुकोज किंवा मॅनिटॉल समसमान, म्हणजे ऑस्मोमीटरशिवाय दाब जुळतो. छिद्राचं प्रथिन अ मध्ये. ब मध्ये सुक्रोज मुद्दाम टाळलं, त्यात ग्लुकोजचा अंश असला तर आपोआप रंग येईल. काही चुकतंय का?

अनेरकाठ
मॅनिटॉल उत्तम सुचलं. पीएच मात्र बदला. ७.४ ला एबीटीएसचा हिरवा रंग टिकत नाही आणि ग्लुकोज ऑक्सिडेजला ५.५ च्या आसपास जास्त मानवतं. हेपेस काढून त्याच कामाचं एमईएस १९.५ मिलिग्रॅम, पीएच ६.

जोड्या रोज चार प्रकारच्या लावा: पूर्ण, ग्लुकोज आहे पण छिद्राचं प्रथिन नाही, प्रथिन आहे पण ग्लुकोजच्या जागी मॅनिटॉल, आणि उकळून मारलेल्या ऑक्सिडेजची. चारही त्याच दिवशी, त्याच तेलाच्या बाटलीतून.

तापीकाठ
+१. आणि खळग्यांवर झाकण ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत थेंबातलं पाणी तेलातून उडत राहतं, दोन तासांत व्यास कमी झालेला दिसतो. दर १५ मिनिटांनी फोटो काढताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. थेंब आकसल्यामुळे रंग गडद झाला की ग्लुकोज आल्यामुळे, हे त्या पट्टीवरूनच ठरवता येईल.